रात्रीच्या पाण्यात पाय बधिर, घरी आल्यावर आग: दर हिवाळ्यात परतणारं पायाचं दुखणं

आधी त्रास काय होतो ते सांगतो, म्हणजे तुमचा आणि माझा एकच आहे का ते कळेल.

डिसेंबर-जानेवारीत शेताची लाइट रात्रपाळीची असते. गहू-कांद्याला पाणी भरायला मध्यरात्री उतरावं लागतं. तासा-दीड तासात पायाची बोटं गार पडतात. मग मुंग्या येतात, आणि मग काहीच जाणवेनासं होतं. पाऊल टाकावं तर कापसावरून चालल्यासारखं वाटतं, खाली ढेकूळ आहे की दगड ते कळत नाही. पहाटे घरी येऊन बूट काढले की पाय पांढरेफटक, तळवे सुरकुतलेले. या वेळी दुखत काहीच नसतं, म्हणून माणूस निवांत अंथरुणात शिरतो. मग पाय लाल होतात, सुजतात आणि अशी आग सुटते की गोधडीचा स्पर्श सोसवत नाही. तीन-चार दिवसांत उतरतं. पुढच्या रात्रपाळीला पुन्हा तेच.

आमचं शेत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा निफाडचा पारा थंडीत पेपरात कुठं छापून येतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाच अंशांच्या खाली गेलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. मी हे दुखणं सलग तीन हिवाळे अंगावर काढलं. पहिल्या वर्षी जानेवारीच्या ऐन थंडीत पाच-सहा तास उभं राहिल्यावर पाय बधिर झाले होते. तिसऱ्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीलाच, दोन तासांत. थंडी तितकी नव्हतीसुद्धा. इथंच मला पहिल्यांदा शंका आली, कारण घरात आणि बांधावर सगळे म्हणत होते की सवय होईल.

पायाला थंडीची सवय होत नाही. एकदा गारठून दुखावलेला पाय पुढच्या वेळी कमी थंडीत, कमी वेळात दुखावतो. या दुखण्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. दर वर्षी येतो तो नवा त्रास नसतो. मागच्या वर्षीची इजा आतून भरलेली नसते, तीच पुन्हा डोकं वर काढते.

नेमकं होतं काय

डॉक्टर याला ट्रेंच फूट म्हणतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलपाण्यात दिवसचे दिवस उभ्या राहिलेल्या सैनिकांचे पाय असे झाले, त्यावरून हे नाव. 1914 च्या हिवाळ्यात एकट्या ब्रिटिश फौजेतले सुमारे 20,000 सैनिक यानं जायबंदी झाले होते. गंमत म्हणून सांगत नाही. तरणीबांड, चांगली खातीपिती माणसं होती ती. त्यामुळे हे दुखणं अशक्त माणसालाच होतं, असं मनात आणू नका.

अंग गार पडायला लागलं की पोटातली-छातीतली ऊब राखायला शरीर हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. तासभर चालतं. पण पाय ओला असेल आणि तासनतास तसाच राहिला, तर बोटांच्या नसांना, म्हणजे जाणीव पोचवणाऱ्या मज्जातंतूंना, रक्तच पुरत नाही आणि त्या दुखावतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. शून्याच्या वर, अगदी 15 अंशांपर्यंतच्या थंडीतही हे होतं, फक्त पाय ओला हवा आणि वेळ लांबलेला हवा. नंतर ऊब मिळाली की रक्त एकदम धावून येतं, दुखावलेल्या वाहिन्यांना ते आवरत नाही, म्हणून सूज आणि आग. म्हणजे पाय बधिर असतो तेव्हा इजा होत असते, आणि दुखायला लागतो तेव्हा ती होऊन गेलेली असते. आपण नेमकं उलटं धरून बसतो.

एक जण मला म्हणाला, विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं, मग पाय गारठेल कसा? खरंय, पाइपाच्या तोंडाशी पहाटे वाफा निघताना दिसतात. पण तेच पाणी दोनशे फूट दंडातून (शेतातल्या चारीतून), गार चिखलावरून वाफ्याच्या टोकाला पोचतं तेव्हा पार निवलेलं असतं. शिवाय आपण सारा वेळ पाण्यात नसतो. बारं मोडलं, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं, की ओला पाय घेऊन बांधावर वाऱ्यात उभं राहतो, आणि ओल्या पायावरचं पाणी उडताना अंगातली ऊब घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. शेततळ्याचं किंवा पाटाचं पाणी असेल तर ते मुळातच गार.

माझी चूक

आमच्याकडे उसाच्या कडेनं बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे रात्री शेकोटी पेटवावीच लागते. दुसऱ्या हिवाळ्यात मी बूट काढून बधिर पाय सरळ शेकोटीला लावले. काहीच जाणवेना, म्हणून आणखी जवळ नेले. छान वाटत होतं असंही नाही. काही वाटतच नव्हतं. सकाळी आई अंगणात म्हणाली, "अरे, टाचेला काय झालं तुझ्या?" बघतो तर डाव्या टाचेवर लिंबाएवढा फोड, कडेची कातडी तपकिरी पडलेली. पाय भाजला होता आणि मला पत्ता नव्हता. ती जखम भरायला महिना लागला. त्या महिन्यात कांद्याचं पाणी घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी भरलं.

म्हणून बधिर पाय शेकोटी, चूल, हीटर, गरम पाण्याची पिशवी, इस्त्रीनं तापवलेलं फडकं यांपैकी कशालाही लावू नका. चोळूही नका. बाम, तेल, मीठ, काहीही रगडू नका. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही आणि सोलवटल्याचंही कळत नाही.

पहाटे घरी आल्यावर

पहिलं काम, ओले कपडे सगळे काढा. नुसते मोजे नाहीत, गुडघ्यापर्यंत भिजलेली पँटही. पाय साध्या पाण्यानं चिखल जाईल इतपत धुवा आणि जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या मऊ फडक्यानं टिपून कोरडे करा. टिपायचं, घासायचं नाही. बोटांच्या बेचक्या एकेक करून. मग अंगावर गोधडी, डोक्याला टोपी, पोटात गरम चहा किंवा कढण. ऊब धडाला द्यायची, म्हणजे पायाचं रक्त हळूहळू आपोआप सुटतं. पाय मात्र कोरडे, सैल आणि खोलीच्या हवेत, उशीवर उंच ठेवायचे. आग सुटली की आपला हात आपोआप गरम पाण्याकडे जातो. तिथंच थांबायचं. त्या वेळी पाय पांघरुणाबाहेर ठेवले, वाटल्यास हळू पंखा लावला, तर बरं वाटतं. अंग उबेत आणि पाय हवेत, हे विचित्र दिसेल, पण याच रीतीनं माझी आग पहिल्यांदा आटोक्यात आली.

दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल चालते. इतर तीव्र वेदनाशामकं किडनीचा, अल्सरचा त्रास असलेल्यानं मनानं घेऊ नयेत. नसांची आग आठवड्याभरानंतरही झोपू देत नसेल तर डॉक्टर रात्रीच्या वेळी अमिट्रिप्टिलिनसारखं औषध कमी मात्रेत देतात. ते मेडिकलवाल्याला विचारून घ्यायचं औषध नाही.

फोड आले असतील तर फोडू नका. स्वच्छ कोरडी पट्टी सैल बांधा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. आठवत नसेल तर घ्या. सूज उतरेपर्यंत पुन्हा पाण्यात उतरू नका. सांगणं सोपं आणि करणं अवघड, मला माहीत आहे. गव्हाला पाणी वेळेवर लागतं. पण एक पाळी दुसऱ्यानं भरली तर पीक जात नाही.

थंडी मारायला घोटभर दारू घेण्याची पद्धत आहे, ती सोडा. दारूनं कातडी गरम वाटते, पण अंगातली ऊब त्याच वाटेनं बाहेर जाते आणि पाय बधिर झाल्याचं भानही राहत नाही. बिडी-तंबाखूही तितकीच वाईट, कारण तंबाखूनं आधीच आवळलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतात.

हे ते दुखणं नसेल तर?

सगळंच पायाचं दुखणं थंडीचं नसतं, आणि इथं चूक झाली तर महागात पडते.

बोटांच्या टोकांवर, कडेला लालसर-जांभळ्या गाठी येतात आणि उबेला गेलं की त्यांना भयंकर खाज सुटते, असं असेल तर ते वेगळं. पाय तासनतास न भिजताही ते होतं, बायकांना जास्त होतं, आणि पाय उबदार-कोरडे ठेवले तर दोन-तीन आठवड्यांत जातं. खाजवून फोडलं नाही म्हणजे झालं.

करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात पांढरी, भिजट, वास येणारी कातडी असेल तर त्या चिखल्या. त्यांना बुरशीचं मलम लागतं, आणि जखम बरी दिसली तरी ते डॉक्टरनं सांगितलेले दिवस पुरे लावावं लागतं.

बिडी ओढणारा चाळिशीच्या आतला माणूस, थोडं चालल्यावर पोटरी किंवा तळवा धरतो, बसलं की सुटतो, आणि अंगठ्याच्या टोकाची जखम भरत नाही किंवा काळी पडत चाललीय, तर थंडीला दोष देत बसू नका. तंबाखूनं रक्तवाहिन्या बंद पडण्याचा बर्जर्स नावाचा आजार असू शकतो. त्यात बिडी पूर्ण सुटल्याशिवाय कुठल्याच औषधाचा उपयोग होत नाही, आणि उशीर झाला तर बोटं कापावी लागतात.

उन्हातही, कोरड्या पायालाही बधिरपणा असेल तर रक्तातली साखर तपासा. कातडीवर फिकट, न खाजणारा, जाणीव नसलेला चट्टा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाचं औषध तिथं फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर रोग पूर्ण बरा होतो. लाजू नका.

आणि एकच पाय अचानक पांढरा, गार पडून असह्य दुखायला लागला, तर तो रक्ताच्या गुठळीचा प्रकार असू शकतो. तिथं तासांचा हिशोब असतो. चहा करत बसू नका, गाडी काढा.

हिमदंश म्हणजे कातडीच गोठणं. ते शून्याच्या खालच्या थंडीत होतं. आपल्याकडे शेतात नाही, पण हिमालयात ट्रेकला जाणारी नाशिकची पोरं भरपूर आहेत म्हणून सांगतो. त्याचा उपचार ट्रेंच फूटच्या उलट आहे. गोठलेला पाय 37 ते 39 अंशांच्या, म्हणजे अंगाइतक्या कोमट पाण्यात अर्ध्या तासापर्यंत ठेवून सोडवतात, आणि तोही पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तेव्हाच. दोन्हींचा घोटाळा करू नका.

दवाखान्यात कधी

अंग गरम होऊन, कोरड्या पायानं तासभर झोपूनही जाणीव परतली नाही तर. फोडात पू, काळे-निळे डाग, कुजका वास, पायावरून वर चढणारी लाल रेघ, ताप, जांघेत गाठ, यातलं काहीही एक दिसलं तर त्याच दिवशी. आणि मधुमेह असलेल्या माणसानं यातलं काही दिसायची वाट पाहूच नये. आमच्या थोरल्या चुलत्यांना साखर आहे. त्यांची रात्रपाळी आम्ही कायमची बंद केली. ते रागावले, पण ऐकलं.

घरी एक साधी तपासणी करता येते. अंगठ्याचं नख दाबून पांढरं करा आणि सोडा. उबदार निरोगी पायात दोनेक सेकंदांत गुलाबी रंग परततो. गारठलेल्या पायात उशीर लागतो, पण पाय ऊब धरल्यावरही तो रेंगाळत असेल तर दाखवून घ्या. आपल्या सावळ्या कातडीवर लाली-निळसरपणा वरून पटकन कळत नाही, म्हणून तळवे आणि नखं बॅटरीच्या उजेडात बघा, आणि दुसऱ्याच्या पायाशी ताडून बघा.

पुन्हा होऊ नये म्हणून

आमच्या गल्लीत फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार काका आहेत. मी टाच दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "मोजे किती नेतोस?" मी म्हणालो, "एकच जोडी, घातलेली." ते म्हणाले, "मग पाय राहणार कसे?" त्यांनी सांगितलेलं तेव्हापासून पाळतो. रात्रीला तीन जोड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, कोरड्या. दर दोन-अडीच तासांनी बांधावर बसायचं, बूट काढायचे, पाय टिपायचे, बोटं हलवायची, नवी जोडी घालायची. पाच-सात मिनिटं लागतात, तेवढ्यात सारा (पाणी भरत असलेला पट्टा) फुटत नाही. लोकरीचे मोजे ओले झाले तरी थोडी ऊब धरतात. सुती मोजा भिजला की ओलं फडकं गुंडाळल्यासारखाच.

काकांची दुसरी शिस्त जोडीची. फौजेत एकमेकांचे पाय बघतात, कारण स्वतःचा बधिर पाय स्वतःला कळत नाही. मी आणि शेजारचा दादा एकाच पाळीला असतो. मोजे बदलताना तो माझी बोटं दाबतो, मी त्याची. "कुठलं बोट?" असं विचारायचं. चुकीचं बोट सांगितलं की त्या रात्रीचं त्याचं काम संपलं, दुसऱ्यानं पुरं करायचं.

गमबूट एक नंबर मोठा घ्या, जाड मोजा आत आवळता कामा नये. आवळलेला पाय कोरडा असला तरी गारठतो. थंडी सुरू होण्याआधी दोन्ही बूट पाण्यानं काठोकाठ भरून रात्रभर कोरड्या वर्तमानपत्रावर उभे करा. सकाळी कागद कुठं भिजलाय ते बघा. माझ्या उजव्या बुटाला टाचेच्या शिवणीशी टाचणीएवढं भोक निघालं, आणि दोन हिवाळे मी म्हणत होतो की उजवाच पाय जास्त का दुखतो. सकाळी बुटात कागदाचे बोळे कोंबून उन्हात उलटे ठेवा. दोन जोड असतील तर आलटून पालटून वापरा. मोज्यावर दुधाची पिशवी घालणारे बरेच आहेत. बाहेरचं पाणी त्यानं अडतं, पण पायाचा घाम आतच कोंडतो, त्यामुळे मोजे बदलणं चुकत नाही. व्हॅसलिन किंवा खोबरेल चोपडण्याचंही तसंच. महायुद्धात सैनिक देवमाशाचं तेल चोळत, पण पाय वाचवले ते पाय वाळवण्याच्या आणि रोजच्या तपासणीच्या शिस्तीनं.

बारं मोडून उभं राहायच्या जागी एक फळी किंवा सपाट दगड टाकून ठेवा. चिखलात उभं राहण्यापेक्षा फळीवर येरझारा घाला. आणि दिवसभरात पायांना सलग आठ तास कोरडी हवा मिळालीच पाहिजे, ओल्या मोज्यात झोपणं तर सोडाच.

पावसाळ्यातलं वेगळं

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे भाताच्या आवणीच्या (रोपं लावण्याच्या) दिवसांत पाय दिवसदिवस चिखलात असतात, पण पाणी गार नसतं. तिथं तळवे पांढरे, फुगलेले, टाकताना टोचल्यासारखे दुखतात. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी करून आलेल्यांनाही हे ओळखीचं आहे. हा प्रकार सौम्य. दोन-तीन दिवस पाय कोरडे ठेवले की जातो. मात्र पाऊल वरच्या बाजूनं लाल होऊन सुजलं, ताप आला, जांघेत गाठ आली तर तो पुढचा टप्पा. पडून राहावं लागतं. आणि पायाला भेगा असताना शेतातल्या पाण्यात काम करून ताप, अंगदुखी, लाल डोळे असं झालं तर डॉक्टरला "मी भातात होतो" हे आवर्जून सांगा. उंदराच्या मुतातून येणारा लेप्टोचा ताप असू शकतो, आणि त्याचं औषध सुरुवातीलाच द्यावं लागतं.

कांद्याच्या लागणीला येणाऱ्या बायका

हे मला सगळ्यात उशिरा सुचलं, त्याचं वाईट वाटतं. गमबूट, मोजे, फळी, सगळं मी माझ्यासाठी केलं. उन्हाळ कांद्याच्या लागणीला येणाऱ्या मावशा ओल्या वाफ्यात उकिडव्या बसून, अनवाणी, सकाळी आठपासून रोपं खोचतात. बुटात उकिडवं बसून सरकता येत नाही, त्यामुळे बूट द्या म्हणून प्रश्न सुटत नाही. त्यातल्या एकीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, दुपारपर्यंत पाय आपले नसत्यात."

यंदा आम्ही पाणी आदल्या संध्याकाळी सोडतो, म्हणजे सकाळी वाफा ओलसर असतो, पाणी साचलेलं नसतं. काम दहाला सुरू, हजेरी तीच. बांधावर रिकामी पोती अंथरलेली, एक कोरडं फडकं प्रत्येकीला, आणि अकरा वाजता चहा होतो तेव्हा पाय पुसून उन्हात पसरून बसायचं. पहिल्या दिवशी सगळ्या संकोचल्या. दुसऱ्या दिवशी चहाची किटली दिसली की पोत्यावर आधी पाय पसरले गेले. लागण एक दिवस जास्त चालली.